ओटा आत की बाहेर?

आषाढीच्या वाटेवर दिंडीचा ट्रक वारकऱ्यांच्या पुढे निघतो. चालणारे अजून टाळ-मृदंगात असतात, तोवर तो मुक्कामाच्या शेतात पोचलेला असतो. फाळका पडतो आणि आतून एकेक वस्तू खाली उतरते. तंबूचे बांबू, पाण्याच्या टाक्या, पिठाची पोती, हंडे, पराती, गॅसची भट्टी. स्वयंपाक ट्रकमध्ये होत नाही, ट्रकच्या शेजारी आभाळाखाली होतो. काशी-रामेश्वर घडवणाऱ्या यात्रा कंपन्यांचीही हीच रीत. आचारी बसमध्ये, शिधा बसच्या पोटात, पण शेगडी पेटते ती धर्मशाळेच्या अंगणात. स्वयंपाकघर बरोबर घेऊन हिंडणं मराठी माणसाला नवं नाही. नवं आहे ते त्याच स्वयंपाकघरात रात्री झोपणं.

कॅम्पर व्हॅन बांधून घेणारी माणसं आता आपल्याकडेही दिसू लागली आहेत. कोणी मारुती ईकोच्या मागच्या सीट काढून फळ्या बसवतो, कोणी जुनी ट्रॅव्हलर घेऊन तिचं घर करतो, कोणी चार दिवसांसाठी भाड्याची कॅरॅव्हॅन घेऊन कोकणात उतरतो. राज्य सरकारने २०२१मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. केरळनेही त्याच वर्षी ‘केरावन केरळ’ जाहीर केलं. गाडी स्वतःची असो की भाड्याची, बाकी काही ठरण्याआधी एक प्रश्न येतोच. आत पक्का ओटा हवा का? तो एकदा बोल्टने जखडला की पलंगाची लांबी, खिडकीची जागा, पाण्याची टाकी, बॅटरीचा आकार, सगळं त्याच्या मागून ठरत जातं. म्हणून या एका प्रश्नाबद्दल मी गाड्या बांधणाऱ्यांशी आणि बांधून घेणाऱ्यांशी बोलले.

पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यातल्या एका शेडमध्ये रिकामी ट्रॅव्हलर उभी होती. सीट काढलेल्या, अस्तर उतरवलेलं, पत्रा उघडा. मिस्त्रींनी तिच्या तळावर खडूने चौकोन आखले होते. पलंग सहा फूट बाय चार. त्याच्या पायथ्याशी ओटा, चार फूट लांब नि दीड फूट खोल. घरचा ओटा दोन फूट खोल असतो; इथे दीडच, कारण आतली रुंदी सहा फुटांच्या आत आणि मधून माणसाला तिरकं न होता जाता आलं पाहिजे. साताऱ्याकडचं एक निवृत्त जोडपं ते चौकोन न्याहाळत होतं. काकांना दोन बर्नरची शेगडी, सिंक आणि वर कपाट, सगळं आत हवं होतं. काकू चौकोनात जाऊन उभ्या राहिल्या, हात पसरून पाहिले आणि म्हणाल्या, “अहो, पोळी लाटताना माझं कोपर कुठं जाणार? पलंगावर?”

“काकू, ड्रॉवर करून देतो,” मिस्त्री म्हणाले. “मागचं दार उघडलं की शेगडीसकट बाहेर येईल.”

“आणि पावसात छत्री कोण धरणार?” काकांनी विचारलं.

हा वाद जर्मनीत सत्तर वर्षांपूर्वी सुरू झाला होता. फोक्सवागनची बस १९५०मध्ये बाजारात आली आणि १९५१मध्ये वेस्टफालिया या कंपनीने तिच्यासाठी ‘कॅम्पिंग बॉक्स’ काढला. बसायचं-झोपायचं बाकडं, कपाट, स्वयंपाकाची मांडणी, सगळं उचलून बाहेर काढता येण्याजोगं. त्यामागचा हिशेब सरळ होता. युद्धानंतर सावरणाऱ्या कुटुंबाला दोन गाड्या परवडत नव्हत्या. आठवडाभर बस धंद्याला जुंपायची, सुटीत तिच्यात खोका बसवून डोंगरात जायचं. पहिला ओटा सुटा होता, ही गोष्ट आज कॅटलॉगमधली चकचकीत कपाटं पाहताना लक्षात राहत नाही.

तो पक्का होण्यामागे सोयीबरोबर कागदाचाही हात आहे. युरोपीय नियमांत मोटर कॅरॅव्हॅन कशाला म्हणायचं हे लिहून ठेवलं आहे. बसायची जागा व टेबल, झोपायची सोय, स्वयंपाकाची सोय, सामान ठेवायची सोय. आणि टेबल तेवढं सुटं चालेल, बाकी सगळं गाडीला घट्ट बसवलेलं हवं. शेगडी नसेल तर गाडी कितीही आरामाची असली तरी त्या वर्गात बसत नाही आणि त्या वर्गाचे कर-विम्याचे नियम तिला लागत नाहीत. फोक्सवागनच्या कॅलिफोर्निया गाडीत याचा परिणाम डोळ्यांनी दिसतो. तिच्या ‘ओशन’ आणि ‘कोस्ट’ प्रकारांत पूर्ण ओटा आहे, ‘बीच’ हा प्रकार मुळात ओट्याशिवायचा. पुढे ‘बीच कॅम्पर’ आला, त्यात एकाच बर्नरची बाहेर ओढायची छोटी शेगडी. एवढ्याशा शेगडीने गाडीचा कागदोपत्री वर्ग बदलतो.

आपल्याकडच्या ट्रॅव्हलरचं या परंपरेशी थेट नातं आहे, आणि ते आकुर्डीतून जातं. बजाज टेम्पोने, म्हणजे आजच्या फोर्स मोटर्सने, १९८७मध्ये आणलेली ट्रॅव्हलर मर्सिडीझच्या टी१ व्हॅनवर बेतलेली होती. युरोपात त्याच टी१वर हजारो लोकांनी घरं बांधली. वेस्टफालियाने तिच्यावर ‘जेम्स कुक’ नावाची कॅम्पर काढली, ओटा-सिंकसह. म्हणजे पुण्याच्या शेडमधले मिस्त्री ज्या पत्र्याला भोक पाडायचं की नाही याचा विचार करत आहेत, त्याच्या भावंडाला जर्मनीत कधीच भोकं पडली आहेत. सांगाडा सारखा आहे. फरक कढईत आहे.

जर्मन कुटुंब कॅम्परमध्ये पास्ता उकळतं, अंडी तळतं, कॉफी करतं. आपण फोडणी देतो. तेल धुरावण्याच्या बेताला येईतो तापवायचं, मोहरी तडतडायची, हिंग-हळद, मग मिरची. या पाच-सात सेकंदांत जो खकाणा उठतो, तो घरात चिमणीने नि खिडकीने जातो. व्हॅनमध्ये तो तीन फुटांवरच्या गादीत जातो. तेलाचे बारीक थेंब छताच्या अस्तरावर बसतात, त्यावर रस्त्याची धूळ बसते, आणि महिनाभरात कापडाला जो वास लागतो तो धुऊन जात नाही. सुकट भाजायचं तर नावच काढायला नको. एका गाडीमालकाने पहिल्याच वर्षी आतलं सगळं कापडी अस्तर काढून लॅमिनेट लावून घेतलं. गाडी छान होती, त्यांचं म्हणणं. पण रात्री झोपताना दुपारचं कालवण आठवायचं.

धूर दिसतो तरी, वाफ दिसत नाही. एक किलो एलपीजी जळला की सुमारे १.६ किलो पाणी वाफेच्या रूपात हवेत येतं. हे भांड्यातलं पाणी नव्हे, ज्योतीतून तयार झालेलं. शंभर ग्रॅम गॅस जाळून केलेल्या साध्या जेवणात दीडशे मिलिलिटरच्या वर पाणी असंच तयार होतं, वर भाताच्या कुकरची वाफ वेगळी. थंडीत, काचा बंद असताना, हे पाणी पत्र्याच्या आतल्या अंगावर दवासारखं जमतं, प्लायच्या मागे उतरतं, आणि पुढच्या मोसमात तिथे बुरशी नि गंज सापडतो. कोकणच्या हवेत आधीच ओल. त्यात ही भर.

गॅसबद्दल मात्र मी ठामपणे बोलणार आहे, कारण यात जीव जातो. एलपीजी हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असतो. घरातल्या गळतीत तो फरशीवर पसरतो आणि दाराच्या फटीतून निघून जाण्याची थोडी तरी शक्यता असते. गाडीच्या तळात तो साचून राहतो, नेमका पलंगाखाली, बॅटरी नि वायरिंगच्या शेजारी. म्हणून सिलिंडरचा कप्पा गाडीच्या आतल्या हवेपासून पूर्ण बंद हवा, त्याचं दार बाहेरून उघडायला हवं, आणि त्याच्या अगदी तळाशी बाहेर उघडणारं, कधीही न बुजणारं भोक हवं. वर जाळी लावून उपयोग नाही. सिलिंडर उभाच राहिला पाहिजे. आडवा झाला तर वायूऐवजी द्रव नळीत येतो. एलपीजीला वास तरी घातलेला असतो. अपुऱ्या हवेत ज्योत जळताना तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि थंडीत ऊब यावी म्हणून शेगडी पेटती ठेवून झोपणं हा त्याने मरण्याचा सर्वांत सोपा मार्ग आहे. शेगडी आत असली की हा मोह हाताशी असतो. जिच्यात आत ज्योत पेटते त्या गाडीत गॅस आणि मोनॉक्साइड, दोन्हींचे अलार्म नसतील तर ती गाडी घेऊ नये, भाड्याने तर मुळीच नाही.

२६ ऑगस्ट २०२३च्या पहाटे मदुराईच्या यार्डात उभ्या असलेल्या पर्यटकांच्या रेल्वेडब्याला आग लागली. यात्रेकरूंनी नियम मोडून बरोबर घेतलेल्या सिलिंडरवर चहा चालला होता, असं रेल्वेने सांगितलं. नऊ माणसं गेली. ती बेफिकीर माणसं नव्हती. तीर्थयात्रेला निघालेली, पहाटे चहा हवा असलेली, आपल्यासारखीच होती. बंद डबा, झोपलेली माणसं आणि ज्योत या तीन गोष्टी एकत्र आणायच्या नाहीत, एवढं त्यातून मला कळलं आहे आणि माझ्या पुढच्या सगळ्या मतांचं मूळ तिथे आहे.

मग वीज का नको, असं तरुण ग्राहक विचारतात. त्यांना इंडक्शन हवी असते. हिशेब मांडून बघू. १२.८ व्होल्टची, १०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी म्हणजे सुमारे १.२८ युनिट वीज. १५०० वॅटची इंडक्शन वीस मिनिटं चालली की अर्धं युनिट गेलं, इन्व्हर्टरमधली घट धरून जरा जास्तच. एवढ्यात दोघांचा वरण-भात होतो. भाजी नि पोळ्या धरल्या तर एका जेवणात ती बॅटरी तळाला जाते, आणि फ्रीज, पंखा, मोबाइल अजून बाकीच आहेत. टपावर ४०० वॅटचे सोलर पॅनल असतील तर स्वच्छ उन्हात दिवसाकाठी सव्वा ते दीड युनिट परत मिळतं. जुलैत ताम्हिणी घाटात फार थोडं. आत पूर्ण विजेचा स्वयंपाक करायचा तर दुप्पट-तिप्पट बॅटरी, मोठा इन्व्हर्टर, जाड तारा आणि गाडी चालताना चार्ज करणारी यंत्रणा लागते. ते शक्य आहे, सुरक्षितही आहे. खर्च मात्र ओट्याचा नाही, ओट्यामागच्या वीजघराचा आहे, आणि कोटेशनमध्ये तो बहुधा वेगळ्या पानावर असतो. चहा, अंडी, दूध गरम करणं एवढंच करायचं असेल तर एक बॅटरी पुरते.

पाण्याचं थोडक्यात. लिटरला किलो हे वजन विसरू नये. शंभर लिटरची टाकी म्हणजे मागच्या चाकांवर कायमचा दीड माणूस. तेलकट कढई घासायला जेवढं पाणी लागतं तेवढ्यात दोघांची सकाळची तोंडं धुऊन होतात. आणि सिंकचं सांडपाणी रस्त्याकडेला सोडणं ही घाण आहे, त्यासाठी खाली दुसरी टाकी हवीच.

आता मुक्कामाचं बघू, कारण याचा विचार फार कमी लोक आधी करतात. आपल्याकडे कॅरॅव्हॅन पार्क मोजके आहेत. माणसं प्रत्यक्षात झोपतात कुठे? हायवेवरच्या पेट्रोल पंपाच्या आवारात, ढाब्याच्या मागे, एमटीडीसीच्या किंवा एखाद्या रिसॉर्टच्या पार्किंगमध्ये, ओळखीच्या शेतात, मंदिराच्या भक्तनिवासाशेजारी. पंपावर ज्योत पेटवता येत नाही, आतही नाही नि बाहेरही नाही. ढाब्याचा मालक रात्रभर गाडी उभी करू देतो ती तुम्ही तिथे जेवलात म्हणून. भक्तनिवासात प्रसाद असतो. राहिलं शेत आणि रिसॉर्टचं अंगण, आणि तिथे बाहेर शेगडी मांडायला कोणी हरकत घेत नाही. म्हणजे महाराष्ट्रात फिरताना ज्या जागी रांधता येतं त्या बहुतेक जागी बाहेरच रांधता येतं. शिवाय कोल्हापूरच्या वाटेवर मिसळ, सोलापूरच्या वाटेवर शेंगाचटणी-भाकरी, मालवणात घरगुती खानावळ असताना रोज दोन्ही वेळा स्वतः रांधणारे थोडेच.

थोडे आहेत, पण त्यांचं म्हणणं खरं आहे. मधुमेहाचं पथ्य, जैन आहार, वर्षाचं बाळ, बाहेरचं तेल न सोसणारं वय, या कारणांनी ज्यांना स्वतःचंच अन्न लागतं त्यांना ढाब्याचं कौतुक सांगण्यात अर्थ नाही. पहाटे चार वाजता बाळाला मऊ खिमट हवं असतं तेव्हा मागचं दार उघडून ड्रॉवर ओढणं ही कल्पना कोणालाच सुचत नाही.

काकांचा पावसाचा मुद्दाही खोडून काढता येत नाही. ईकोचं मागचं दार वर उघडतं, त्याखाली दोन माणसं उभी राहतात. पण ज्या व्हॅनची मागची दारं दोन बाजूंना उघडतात तिच्या ड्रॉवरवर छप्परच नसतं. बाजूला ताडपत्री ताणून काम भागतं, वारा सुटला की तेही नाही. आणि काझा-लेहकडे जाणाऱ्यांसाठी सगळंच गणित उलटं फिरतं. साडेतीन हजार मीटरवर पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं, कुकरशिवाय डाळ शिजत नाही. आपल्या घरगुती सिलिंडरमधल्या मिश्रणात ब्युटेन असतो आणि तो शून्याच्या आसपास वायू व्हायचंच नाकारतो. थंडीत ज्योत मंदावत जाते. बाहेर वाऱ्यात तर ती टिकतच नाही. तिथे ओटा आत हवा, खिडकी उघडी ठेवून, अलार्म लावून.

न्यूझीलंडला मुलांकडे जाऊन भाड्याची व्हॅन घेणाऱ्या मराठी आईवडिलांनाही मी हेच सांगेन. तिथल्या अनेक स्वस्त व्हॅनमध्ये ओटा मागच्या दारात असतो, तुम्ही बाहेर उभं राहून रांधता. उन्हाळ्यात, पूर्व किनाऱ्यावर ते सुखाचं. पण मिलफर्ड साउंडकडे जाणार असाल तर तिथे आंबोलीच्या तोडीचा पाऊस आहे आणि त्यात सँडफ्लाय नावाच्या चावऱ्या माश्या; मागे उभं राहून भरताचं वांगं भाजणं होत नाही. तिथे आतल्या ओट्याचे जास्तीचे पैसे द्यावेत. मोफत जागी मुक्काम करायचा तर तिथला २०२३चा कायदा पक्क्या बसवलेल्या टॉयलेटबद्दल आग्रही आहे, हेही बुकिंगच्या वेळी विचारावं.

आपल्या कायद्याचं दोन वाक्यांत सांगते. मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही, आणि मोटर कॅरॅव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. सीट उतरवून पक्कं घर बांधायचं तर आरसीवर तसा वर्ग हवा, नाहीतर अपघातानंतर विमा कंपनी पहिला प्रश्न तोच विचारते. म्हणून मिस्त्रींच्या आधी आरटीओत जावं.

आणि रांधणार कोण? हा प्रश्न कोटेशनमध्ये नसतो. मी ज्या बायकांशी बोलले त्यांच्यातल्या एकीने सरळ सांगितलं, “घरचा ओटा चार दिवस सुटावा म्हणून तर मी निघते. यांनी तोच गाडीत बसवला.” नवऱ्याने प्रेमानेच बसवला होता, चांगल्या स्टीलचा, महाग. पण दीड फुटाच्या ओट्याशी एकच माणूस मावतो, आणि तो माणूस कोण हे बहुतेक घरांत आधीच ठरलेलं असतं. बाकीचे बाहेर खुर्च्या टाकून सूर्यास्त बघतात, ती आत कढई बघते. बाहेर मांडलेल्या शेगडीपाशी वेगळं घडताना मी पाहिलं आहे. एक जण कांदा चिरायला बसतो, दुसरा वाऱ्याला आडोसा म्हणून पत्रा धरतो, मुलगा कणीक मळायचा हट्ट धरतो. जागा मोकळी असली की काम वाटलं जातं. मला ओटा बाहेर हवा याचं हे कारण वाफ नि वासाइतकंच मोठं वाटतं.

म्हणून माझं मत असं. महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक, एवढ्यात फिरणाऱ्या जोडप्याने किंवा छोट्या कुटुंबाने आत पक्का ओटा बांधू नये. आत फक्त चहा-दुधापुरती विजेची सोय ठेवावी, एक पिण्याच्या पाण्याचा नळ, एक घडीची फळी. खरा स्वयंपाक सुट्या पेटीत असावा. दोन बर्नर, पाच किलोचा सिलिंडर, कढई, कुकर, मसाल्याचा डबा, सगळं एका पेटीत, दोघांना उचलता येईल एवढ्या वजनाचं. सिलिंडर प्रवासात बंद, रेग्युलेटर काढलेला, त्याच्या हवेशीर कप्प्यात उभा. ही पेटी गाडीत कायम न राहता घरी उतरते, गच्चीवर चालते, गावच्या जत्रेला जाते. दरसाल हिमालयात जाणाऱ्यांनी, पथ्याच्या माणसांनी आणि महिनोन्‌महिने गाडीतच राहणाऱ्यांनी आत बांधावा, आणि गॅस नि हवेच्या बाबतीत एक रुपयाही वाचवू नये.

काका-काकूंनी शेवटी ड्रॉवर घेतला. बाजूच्या दारावर दहा फुटांचं कापडी छत, पावसात ड्रॉवरची शेगडी सोडवून छताखाली घडीच्या टेबलावर ठेवता येईल असं. काकांनी एक अट घातली, पुढेमागे आत ओटा लागला तर गाडी पुन्हा उसवावी लागू नये. मिस्त्रींनी ती लगेच मानली. अस्तर बसवण्याआधी त्यांनी पत्र्याच्या मागून पाण्याची एक नळी आणि जाड तारेची एक जोडी ओढून घेतली, दोन्हींची टोकं टेप गुंडाळून बंद केली आणि ती कुठे आहेत हे आरसीच्या फाइलमध्ये ठेवायच्या कागदावर मापांसकट लिहून दिलं.